बॅस्टिल ते पिकपुस : क्रांतीच्या पॅरिसमधील पदयात्रा आणि बंधुतेचा शोध

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात यात्रेचे दोन प्रकार सांगितले आहेत. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. त्या यात्रेत मृगया आणि तत्सम करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर देवानंप्रिय प्रियदर्शी राजा संबोधीला गेला आणि तेव्हापासून विहारयात्रेची जागा धम्मयात्रेने घेतली. धम्मयात्रेत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट, जनपदातील लोकांची विचारपूस, धम्माचा उपदेश आणि धम्मासंबंधीची परिपृच्छा यांचा समावेश होता. याच शिलालेखाचा एक भग्न तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे मिळाला. म्हणजे यात्रेसंबंधीची ही राजाज्ञा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही कोरली गेली होती. तिच्यातील 'परिपृच्छा' हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. स्थळ पाहणे एवढ्यावर धम्मयात्रा संपत नाही. स्थळाला प्रश्न विचारणे हे तिचे खरे प्रयोजन होय.

जगातील ज्या नगरांना असे प्रश्न विचारले पाहिजेत त्यांत पॅरिसचे स्थान फार वरचे आहे. या नगरात क्रांतीची स्थळे क्रमाने दाखविणाऱ्या मार्गदर्शित पदयात्रा नित्य निघतात. जगभरचे प्रवासी एखाद्या जाणकाराच्या मागोमाग चौकाचौकांतून हिंडतात. आंबेडकरी वाचकाला या पदयात्रेचे अगत्य वाटावे याला एक सबळ कारण आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथील सत्याग्रह परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. त्याच बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात आपले सामाजिक तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत सामावले असल्याचे सांगितले. मात्र ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहे, असेही निःसंदिग्धपणे बजावले. या दोन विधानांत विसंगती आहे काय? नसल्यास दोहोंमधील अंतर कोणते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर पॅरिसच्या रस्त्यांवरून चालत शोधण्याचा प्रयत्न केला आहे. बॅस्टिलपासून काँकॉर्दपर्यंतची ही वाट सुमारे सात-आठ किलोमीटरची आहे.

बॅस्टिल : किल्ला नसलेला चौक

पदयात्रेचा आरंभ बॅस्टिलच्या चौकात करण्याची प्रथा आहे आणि ती योग्य आहे. परंतु किल्ला पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्या माणसाला येथे किल्ला दिसत नाही. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने तो काबीज केला आणि त्यानंतर पाडून टाकला. पूर्वीच्या भिंती कोठे होत्या हे दाखविणारी दगडांची रेषा तेवढी रस्त्याच्या फरसबंदीत बसविलेली आहे. भुयारी रेल्वेच्या पाचव्या मार्गाच्या फलाटावर पायाच्या दगडांचा काही भाग पाहावयास मिळतो. १८९९ साली उत्खननात सापडलेले एका बुरुजाचे अवशेष जवळच्या लहानशा उद्यानात मांडून ठेवले आहेत. चौकाच्या मध्यभागी उभा असलेला उंच स्तंभ १७८९ च्या क्रांतीचा नव्हे. तो १८३० च्या जुलै क्रांतीत मृत्यू पावलेल्यांचा आहे, हे नवख्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

किल्ला पडला त्या दिवशी त्यात अवघे सात कैदी होते. यावरून काही इतिहासकार या घटनेला क्षुल्लक ठरवतात. त्यांची दृष्टी संख्येवर खिळलेली असते. राजाच्या मोहोरबंद आदेशाने, कोणतीही चौकशी न होता, माणसाला कोंडून ठेवता येते या सत्तेचे बॅस्टिल हे प्रतीक होते आणि जनतेने हल्ला केला तो या प्रतीकावर. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होऊ असे काही नाही, या आशयाचे विचार बाबासाहेबांनी मांडले होते. प्रश्न पाण्याच्या घोटाचा नव्हता, तसा पॅरिसमध्ये तो सात कैद्यांचा नव्हता.

पाडकामाचा मक्ता घेणाऱ्या पालोआ नावाच्या कंत्राटदाराने बॅस्टिलच्या दगडांतून किल्ल्याच्या छोट्या प्रतिकृती घडवून त्या देशातील ८३ प्रांतिक विभागांना पाठविल्या. अशा रीतीने तुरुंगाचे दगड स्मृतिचिन्ह म्हणून देशभर गेले. उरलेल्या दगडांपैकी काहींचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. तो या वाटेच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा भेटेल.

नगरभवनाचा चौक : भाकरीची मागणी

बॅस्टिलहून पश्चिमेकडे जाणाऱ्या सेंत-आंत्वान मार्गाने पंधरा-वीस मिनिटे चालले की नगरभवन लागते. आजची इमारत मूळची नाही. जुनी वास्तू १८७१ च्या कम्यूनच्या उठावात जळाली आणि तिच्या जागी नवी उभारली गेली. तिच्यासमोरच्या चौकाला त्या काळी ग्रेव्हचा चौक म्हणत. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी बाजारपेठांतील हजारो स्त्रिया येथे जमल्या. भाकरी महागली होती, ती मिळेनाशीही झाली होती. त्या पावसात चालत सुमारे वीस किलोमीटरवरील व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला सहकुटुंब पॅरिसला घेऊन आल्या.

राष्ट्रीय सभेने २६ ऑगस्टलाच मानवी व नागरिकी हक्कांचा १७ कलमांचा जाहीरनामा संमत केला होता. तथापि राजा त्याला मान्यता देण्यास चालढकल करीत होता. स्त्रियांच्या या पदयात्रेने त्याला नमते घ्यावयास लावले. असे असूनही हक्कांच्या वाटपाची वेळ आली तेव्हा या स्त्रियांच्या पदरी काही पडले नाही. १७९१ च्या संविधानाने नागरिकांचे 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' असे दोन वर्ग पाडले. निदान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारा पुरुषच मतदानास पात्र ठरला. स्त्रिया, घरगुती नोकर आणि सर्वात गरीब मजूर निष्क्रिय ठरले. माणसे जन्मतः व हक्कांच्या बाबतीत समान आहेत असे सांगणारे तत्त्व सुमारे दोन वर्षांत कर भरण्याच्या ऐपतीला टांगले गेले.

जवळच्याच कार्नाव्हाले संग्रहालयात या जाहीरनाम्याचे ल बार्बिए या चित्रकाराने रंगविलेले प्रसिद्ध चित्र आहे. त्यात सतरा कलमे दोन उभ्या शिलापट्टांवर लिहिलेली दाखविली आहेत. यहुदी-ख्रिस्ती परंपरेत मोशेला देवाकडून मिळालेल्या आज्ञांच्या पाट्या जशा रंगवितात तशीच ही मांडणी आहे. वर तेजोवलयात एक डोळा आहे. धर्मसत्तेला आव्हान देणाऱ्या क्रांतीलाही आपले नवे तत्त्व पवित्र वाटावे म्हणून जुन्या धर्माचीच चौकट वापरावी लागली. केवळ कायद्याच्या बळावर ही तत्त्वे टिकणार नाहीत, त्यांना अंतःकरणाचा आधार हवा, याची अस्पष्ट जाणीव त्या चित्रात दिसते. तो आधार कोठून यावा याचे उत्तर मात्र क्रांतीजवळ नव्हते.

काँसिएर्जरी : न्यायासन आणि तुरुंग

नगरभवनाच्या मागून सीन नदीच्या बेटावर गेले की काँसिएर्जरीचे टोकदार बुरूज दिसतात. हा जुन्या राजवाड्याचा भाग क्रांतिकाळात तुरुंग झाला आणि त्यालगतच्या न्यायमंदिरात मार्च १७९३ मध्ये स्थापन झालेले क्रांतिकारी न्यायासन बसू लागले. राणी मारी आंत्वानेत येथूनच १६ ऑक्टोबर १७९३ रोजी वधस्थानी गेली. पुढे तिला तेथे धाडणारेही याच दगडी दालनांतून गेले. दाँताँ गेला, रोबेस्पिएर गेला. पॅरिसच्या या एका न्यायासनाने अडीच हजारांहून अधिक माणसांना देहान्ताची शिक्षा दिली.

येथे तोल सांभाळणे आवश्यक आहे. क्रांतीच्या शत्रूंना हा तुरुंग दाखविण्यात नेहमीच विशेष रस असतो. १७९३ साली फ्रान्सच्या सीमांवर परकीय सैन्ये उभी होती, पश्चिमेकडील प्रांतांत बंड पेटले होते, शहरांत अन्नान्नदशा होती. हे ते सांगत नाहीत. शतकानुशतके वेठबिगारी, दशमांश कर आणि सरंजामी न्यायालये यांखाली किती माणसे मेली याची गणतीही ते करीत नाहीत. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी विशेषाधिकार संपविण्याचे ठराव झाले, १७९१ च्या सप्टेंबरात यहुद्यांना समान नागरिकत्व मिळाले. या गोष्टी क्रांतीशिवाय घडल्या नसत्या. काँसिएर्जरीच्या कोठड्यांवरून क्रांतीच व्यर्थ ठरविणे हा इतिहासावर अन्याय आहे. मात्र समतेसाठी उठलेली माणसे परस्परांना या कोठड्यांत का घालू लागली, हा प्रश्न क्रांतीच्या मित्रांनी टाळता कामा नये. शत्रूंच्या हाती तो सोडून देणे अधिक धोक्याचे आहे.

कोर्देलिए : घोषणा आणि तिची शेपटी

सेंत-मिशेलचा पूल ओलांडून नदीच्या डाव्या तीरावर आले की ओदेओंच्या परिसरात क्रांतीच्या स्मृती दाटीवाटीने आढळतात. दाँताँचा १८९१ साली उभारलेला पुतळा, १६८६ साली सुरू झालेले प्रोकोप हे उपाहारगृह आणि त्याच्या मागची सेंत-आंद्रे ही अरुंद फरसबंद गल्ली येथे आहे. या गल्लीत मारा याचे 'लोकमित्र' हे वृत्तपत्र छापले जाई. याच गल्लीतील एका कारागिराच्या अंगणात गिलोटिनचे पाते मेंढ्यांवर चालवून पाहण्यात आले, असे मार्गदर्शक सांगतात. लोकांचे मित्रत्व मिरविणारे पत्र आणि वधयंत्र यांचा हा शेजार पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो.

दोन पावलांवर, वैद्यकीय विद्यालयाच्या रस्त्यावर, फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या मठाचे जुने भोजनगृह उभे आहे. त्या मठात १७९० साली कोर्देलिए मंडळाची बैठक भरू लागली. 'मानव व नागरिक यांच्या हक्कांचे मित्र' हे तिचे औपचारिक नाव होते. या मंडळाचा एक सभासद मोमोरो नावाचा मुद्रक होता. 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' ही त्रयी घराघराच्या दर्शनी भिंतीवर रंगवावी या १७९३ च्या कल्पनेचे श्रेय त्याला दिले जाते.

या त्रयीचा इतिहास पाहिला की बंधुता हा शब्द किती उशिरा आणि किती अडखळत आला हे उमगते. १७८९ च्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्य आहे, समता आहे, बंधुता नाही. डिसेंबर १७९० मध्ये रोबेस्पिएरने राष्ट्रीय रक्षकदलासंबंधीच्या भाषणात हे तीन शब्द एकत्र मांडून ते सैनिकांच्या गणवेशांवर आणि ध्वजांवर असावेत अशी सूचना केली. ती स्वीकारली गेली नाही. १७९३ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या भिंतींवर हे तीन शब्द आले तेव्हा त्यांना एक शेपटी होती. ती अशी : 'अथवा मृत्यू'.

आपण या तत्त्वांसाठी प्राणार्पण करू, असा त्या शब्दांचा एक अर्थ होता. दहशतीच्या काळात दुसरा अर्थ प्रबळ झाला : जो बंधू होणार नाही तो मरेल. शांफोर या लेखकाने त्याच काळात या बंधुतेवर बोचरी टीका केली होती. बंधू होण्याचा आग्रह आणि जीव घेण्याची धमकी या बंधुतेत एकाच श्वासात येतात, असे तिचे तात्पर्य होते. २४ मार्च १७९४ रोजी मोमोरो स्वतः गिलोटिनखाली गेला. चार महिन्यांनी, २८ जुलैला, रोबेस्पिएर गेला. बंधुता हा शब्द क्रांतीच्या ध्वजावर आणू पाहणाऱ्या दोघांचाही शेवट बंधू म्हणविणाऱ्यांच्याच हातून झाला.

ब्यूर्नूफचे विद्यापीठ : एक आडवळण

क्रांतीच्या पदयात्रांत पुढील स्थळ सहसा नसते. बौद्ध वाचकाने मात्र तेथे थोडे थांबावे. ओदेओंहून पाँथेओंकडे जाताना वाटेत कोलेज द फ्रान्स ही जुनी विद्यासंस्था लागते. येथे १८३२ ते १८५२ या काळात यूजेन ब्यूर्नूफ हे संस्कृतचे प्राध्यापक होते. नेपाळमधील ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन यांनी तेथील संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या हस्तलिखितांच्या प्रती पॅरिसला पाठविल्या आणि त्यांच्या आधारे ब्यूर्नूफ यांनी १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना हा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील बौद्धविद्येचा शास्त्रशुद्ध पाया या ग्रंथाने घातला. सद्धर्मपुंडरीकाचा त्यांचा अनुवाद त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १८५२ मध्ये, बाहेर पडला.

त्या प्रस्तावनेत ब्यूर्नूफ यांनी शार्दूलकर्णावदानाची कथा दिली आहे. भिक्षू आनंद विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रकृती नावाच्या मातंग कन्येकडे पाणी मागतो. आपण चांडाळ कुळातील असल्याचे ती सांगते. आपण कूळ किंवा जात विचारली नसून केवळ पाणी मागितले आहे, असे उत्तर आनंद तिला देतो. पुढे ती भिक्षुणी होते आणि संघात तिच्या प्रवेशामुळे समाजात उठलेल्या वादळाला तथागत उत्तर देतात.

बॅस्टिल पडून तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती. पॅरिसचे विद्वान समतेचे कायदे कसे असावेत यावर अजून वाद घालीत होते. त्याच नगरातील एका अभ्यासिकेत एक साधी कथा उलगडत होती : माणूस माणसाजवळ पाणी मागतो आणि ते मागताना भेद विसरतो. येथे हक्काची घोषणा नाही, शिक्षेची धमकीही नाही. समतेचे तत्त्व येथे दोन माणसांच्या वर्तनातून प्रकट होते. या कथेत पाणी असावे आणि २० मार्च १९२७ च्या महाडच्या संग्रामातही पाणीच असावे, हा योग भारतीय वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही.

पाँथेओं : थोरांच्या यादीतील रिकाम्या जागा

टेकडीवरचे पाँथेओं हे मूळचे सेंत जेनव्हिएव्हचे चर्च. एप्रिल १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने त्याचे रूपांतर राष्ट्रपुरुषांच्या समाधिमंदिरात केले. मिराबो येथे प्रथम आला आणि राजाशी त्याचा गुप्त व्यवहार उघड झाल्यावर बाहेर काढला गेला. मारा १७९४ च्या सप्टेंबरात आत आला आणि काही महिन्यांतच त्याचीही गत तीच झाली. व्होल्टेअर आणि रूसो मात्र राहिले. सन्मान देण्या-काढण्याची ही घाई क्रांतीच्या अस्वस्थ मनाचे निदर्शक आहे.

दर्शनी कमानीवर कृतज्ञ मातृभूमीने 'थोर पुरुषांना' अर्पण केल्याचा लेख आहे. त्यातील पुरुष हा शब्द दीर्घकाळ शब्दशः खरा ठरला. स्वतःच्या कर्तृत्वावर येथे स्थान मिळालेली पहिली स्त्री मारी क्यूरी होय आणि ती १९९५ साली आली. १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी ओलँप द गूज ३ नोव्हेंबर १७९३ रोजी गिलोटिनखाली गेली. स्त्रियांना नागरिकत्व द्यावे असे १७९० मध्येच लिहिणारा आणि गुलामगिरीविरुद्ध त्याआधीच लेखणी चालविणारा तत्त्वज्ञ काँदोर्से १७९४ च्या मार्चमध्ये कोठडीत मरण पावला. क्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त १९८९ साली त्याला येथे सन्मानाने आणले गेले, पण त्याची शवपेटी रिकामी आहे. त्याचे अवशेष हरवलेले होते. त्याच वर्षी गुलामगिरीचा कडवा विरोधक आबे ग्रेग्वार हाही येथे आला.

१९९८ साली येथे तुसाँ लूव्हेर्त्यूर याच्या नावाचा लेख कोरला गेला. सेंत-दोमिंग, म्हणजे आजच्या हैतीतील गुलामांच्या मुक्तिसंग्रामाचा हा नेता ७ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील फोर द झू या थंडगार किल्ल्यात कैदी म्हणून मेला. फ्रेंच क्रांतीचे शब्द ज्याने सर्वाधिक गांभीर्याने घेतले तो माणूस क्रांतीच्या वारसांच्या तुरुंगात संपला. त्याचे नाव या भिंतीवर येण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

त्युइलरी ते काँकॉर्द : एकोप्याचा चौक

पुन्हा नदी ओलांडून त्युइलरी उद्यानाच्या उत्तरेकडील रिव्होली रस्त्यावर आले की कठड्यावर एक स्मृतिफलक दिसतो. येथे घोडेस्वारीच्या शाळेच्या सभागृहात राष्ट्रीय सभा भरत असे. येथेच सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाही रद्द होऊन प्रजासत्ताक जन्मास आले आणि येथेच राजाचा खटला चालला. मे १७९३ मध्ये सभा शेजारच्या त्युइलरी राजवाड्यात गेली. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी तिने सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. सेंत-दोमिंगहून आलेला झाँ-बातिस्त बेले हा कृष्णवर्णीय प्रतिनिधी, जो स्वतः एके काळी गुलाम होता, त्या सभागृहात सभासद म्हणून बसला होता. क्रांतीच्या संपूर्ण इतिहासात बंधुता प्रत्यक्षात उतरली असे ज्या क्षणाविषयी म्हणता येईल तो हा क्षण होय. तो राजवाडा १८७१ साली जळाला आणि पुढे अवशेषही काढून टाकले गेले. आज तेथे वृक्षराजी आहे.

उद्यान संपते तेथे काँकॉर्दचा भव्य चौक सुरू होतो. प्रथम तो पंधराव्या लुईच्या नावाचा होता, मग क्रांतीचा चौक झाला आणि १७९५ साली त्याला 'काँकॉर्द', म्हणजे एकोपा, हे नाव दिले गेले. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळावा लुई येथे मारला गेला. राणी, दाँताँ, ओलँप द गूज, रोबेस्पिएर हेही येथेच संपले. या एका चौकात अकराशेहून अधिक माणसांचा शिरच्छेद झाला. आज मध्यभागी इजिप्तहून आणलेला आणि १८३६ साली उभारलेला प्राचीन स्तंभ आहे. क्रांतीशी त्याचा काही संबंध नाही. वादग्रस्त चौकात कोणाचाच नसलेला स्तंभ उभा करणे राज्यकर्त्यांना सोयीचे वाटले असावे.

चौकापासून नदीवर गेलेला पूल १७९१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या बांधकामात बॅस्टिलचे दगड वापरले गेले. तुरुंगाचे दगड जनतेच्या पायाखाली यावेत ही कल्पना उदात्त होती. पण पूल पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत त्याच्या टोकाशी वधयंत्र उभे राहिले. जुना तुरुंग पाडता आला, त्याचे दगड नव्या कामी लावता आले. माणसाच्या मनातील द्वेषाचे तसे झाले नाही.

चौकाच्या उत्तरेस नौदल मंत्रालयाची जुनी वास्तू आहे. नेपोलियनने मे १८०२ मध्ये कायदा करून गुलामगिरी पुन्हा चालू ठेवली होती. ती अखेर २७ एप्रिल १८४८ च्या ज्या आज्ञेने संपली त्या आज्ञेवर या वास्तूत स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या संविधानाने स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी प्रजासत्ताकाची तत्त्वे म्हणून प्रथम अधिकृत केली. 'अथवा मृत्यू' ही शेपटी केव्हाच गळून पडली होती. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये कामाची आणि भाकरीची मागणी करणाऱ्या पॅरिसच्या मजुरांवर सरकारने तोफा डागल्या होत्या. १८८० पासून हे तीन शब्द सार्वजनिक इमारतींवर कोरले जाऊ लागले.

पिकपुस : भिंतीआडचे नाव

पदयात्रा सामान्यतः येथे संपते. ज्याला परिपृच्छा पूर्ण करावयाची आहे त्याने काँकॉर्दहून भुयारी रेल्वेने पूर्वेकडे नासिओंच्या चौकापर्यंत जावे. गाडी बॅस्टिलच्या खालूनच जाते. १४ जून ते २७ जुलै १७९४ या सहा आठवड्यांत गिलोटिन या चौकाजवळ हलविले होते. तेथे १३०६ माणसे मारली गेली आणि पिकपुस मठाच्या बागेत दोन खड्ड्यांत लोटली गेली. मठाच्या प्रार्थनागृहात त्यांची नावे, वय आणि व्यवसाय यांसह कोरलेली आहेत. त्यांत सरदार आहेत, कवी आंद्रे शेनिए आहे, काँपिएन्यच्या सोळा जोगिणी आहेत. पण निम्म्याहून अधिक माणसे सामान्य थरांतील आहेत. ज्यांच्या नावाने क्रांती चालली होती त्यांच्यापैकीच ही माणसे होती.

नामावळीसमोर उभे राहिले असता फ्रेंच क्रांतीच्या त्रयीतील तिसऱ्या शब्दाचे न्यून कळते. फ्रान्सच्या भिंतींवर बंधुता हा शब्द सर्वत्र कोरलेला आहे. स्वातंत्र्याची स्थळे दाखविता येतात, समतेची दाखविता येतात. बंधुतेचे स्वतंत्र स्थळ मात्र मार्गदर्शकाला सहज दाखविता येत नाही.

मैत्री

बाबासाहेबांनी या न्यूनावर नेमके बोट ठेवले आहे. 'हिंदू धर्मातील कोडी' या ग्रंथातील बाविसाव्या कोड्यात त्यांनी स्वातंत्र्य आणि समता यांना आधार देणारी गोष्ट सहभावना होय, असे प्रतिपादिले आहे. फ्रेंच क्रांतिकारकांनी तिला बंधुता म्हटले; परंतु तो शब्द अपुरा असून तथागतांनी वापरलेला 'मैत्री' हाच योग्य शब्द आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी फ्रेंच क्रांतीच्या घोषणेचे स्वागत केले, ती क्रांती समता निर्माण करू शकली नाही हे नमूद केले आणि समतेसाठी बंधुता किंवा स्वातंत्र्य यांचा बळी देता येणार नाही, असा इशारा दिला. तिन्ही एकत्र नांदावयाची तर बुद्धाचा मार्ग अनुसरावा लागेल, हा त्यांचा निष्कर्ष होय.

बंधुता या शब्दात बंधू कोण आणि परका कोण असा निवाडा दडलेला असतो. त्या निवाड्याचा अधिकार ज्याच्या हाती येतो तो इतरांना बंधुत्वातून वगळू शकतो. ग्रेव्हच्या चौकातील स्त्री, वसाहतीतील गुलाम आणि कालपर्यंतचा सहकारी अशा तिघांना क्रांतीने याच न्यायाने वगळले. मेत्तसुत्तातील मैत्री कोणत्याही प्राण्याला वगळत नाही. ती दुसऱ्याकडून मागावयाची नसून स्वतःच्या चित्तात वाढवावयाची असते. तिला 'अथवा मृत्यू' ही शेपटी जोडता येणे शक्यच नाही, कारण धमकी देताक्षणी मैत्रीच उरत नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे १९२७ आणि १९५४ च्या विधानांत विसंगती राहत नाही. महाडच्या सभेने व्हर्सायच्या सभेप्रमाणे जन्मसिद्ध समान हक्कांची घोषणा केली. पण मार्चमध्ये परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा बाबासाहेबांनी संतप्त अनुयायांना हात उचलू दिला नाही. डिसेंबरात न्यायालयाच्या मनाई हुकमामुळे तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित करून त्यांनी कायद्याची वाट धरली आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात ती लढाई जिंकली. ध्येय व्हर्सायचे होते, मार्ग निराळा होता. त्या मार्गाचे नाव त्यांनी १९५४ मध्ये उघड सांगितले आणि १९५६ मध्ये नागपूरला तो प्रत्यक्ष स्वीकारला. १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेपुढे मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १९४८ साली तो उद्देशिकेत घातला. फ्रान्सला जो शब्द स्वीकारण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली तो आपल्या संविधानात पहिल्या पानावर आहे.

शब्द पहिल्या पानावर असणे आणि आचरणात असणे यांत केवढे अंतर पडू शकते हे पॅरिसच्या रस्त्यांनी दाखविले आहे. आपणही महाडला जातो, दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो. तेथे गर्दी वाढते आहे ही आनंदाची गोष्ट आहे. त्या स्थळांना आपण कोणते प्रश्न विचारतो, यावर ती विहारयात्रा ठरते की धम्मयात्रा, हे अवलंबून आहे. आपल्याच चळवळीत गटागटांनी परस्परांना बंधुत्वातून वगळण्याची सवय लागली असेल, पोटजातीच्या भिंती घरांत आणि लग्नसंबंधांत अजून उभ्या असतील, स्त्रियांनी उभारलेल्या लढ्यांची नावे आपल्याही स्मारकांवर उशिराने येत असतील, तर पिकपुसच्या नामावळीपुढे उमटणारा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. समतेचा कायदा राज्याने करावयाचा असतो. मैत्री मात्र ज्याची त्यानेच, आपल्या शेजाऱ्यापासून, आरंभावयाची असते.